चित्रांचा पत्ता : प्रस्तावना

अहमदनगरच्या निजामशाहीत रंगवल्या गेलेल्या चित्रांचा आज माहीत असलेला सर्वांत जुना संच पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या हस्तलिखितातली ही चित्रे. त्याच दरबाराची मानली जाणारी मूर्तजा निजामशाहाची तसबीर पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. एका राजपुत्राला लहानग्या मुलीने मिठी मारली आहे असे एक विलक्षण कोवळे चित्र अमेरिकेत सॅन दिएगोच्या संग्रहालयात आहे, आणि मलिक अंबरची एक तसबीर बॉस्टनला. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली जमीन खणताना हाती लागलेले धातूचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ, मिळून ६० किलोंहून अधिक वजनाचा तो ठेवा, तोही जिल्ह्याबाहेर गेला. नगरच्या एखाद्या मुलीला आपल्याच मातीतली कला बघायची असेल, तर तिची पहिली भेट कागदावर होणार. आणि तो कागद कुठल्या कपाटात, कुठल्या अंकात, कितव्या पानावर आहे हे सांगणारे माणूस तिला भेटले तरच होणार.

पुढची पाने त्या माणसासाठी आहेत. परदेशात त्याला कलाग्रंथपाल म्हणतात आणि तो एक स्वतंत्र पेशा मानला जातो. आपल्याकडे मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयासारख्या थोड्या जागा सोडल्या, तर या नावाचे पद शोधावेच लागेल. काम मात्र सगळीकडे आहे. ते तालुक्याच्या वाचनालयातल्या ताई करतात, महाविद्यालयातला ग्रंथालय परिचर करतो, आणि कित्येक शाळांत ज्यांच्याकडे ग्रंथालयाच्या किल्ल्या सोपवलेल्या असतात ते चित्रकलेचे सर करतात. आपण कलाग्रंथपाल आहोत हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. ते सांगावे, आणि त्या कामात वाढत कसे जायचे ते दाखवावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

नगर जिल्ह्यात या कामाला मोठी पाठराखण आहे. अहमदनगर जिल्हा वाचनालयाची स्थापना १८३८ सालची. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक वाचनालयांत त्याची गणना होते. अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली निघाले ते याच शहरातून. नगर महाविद्यालय १९४७ पासून आहे. शहरात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे आणि त्यात पोथ्या, मोडी कागद, नाणी, शस्त्रे आहेत. छापील आणि हस्तलिखित कागदाची एवढी जुनी सवय असलेल्या गावात कलेच्या कागदाकडे लक्ष द्यायला माणसे तयार होणे अवघड नाही. माझा तरी तसा विश्वास आहे.

आता ‘तारीफ’कडेच नीट पाहू, कारण या पेशातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न त्या एका हस्तलिखितात सापडतो. हुसेन निजामशाहाची ही फारसी पद्यातली स्तुती आफताबी नावाच्या कवीने रचली. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली, विजयनगरचा पाडाव झाला, आणि त्याच वर्षी हुसेन वारला. मुलगा मूर्तजा लहान, म्हणून राज्याचा कारभार राणी खानजादा हुमायूनने हाती घेतला. हस्तलिखित याच काळातले. पुढे १५६९ च्या सुमारास मूर्तजाने आईलाच कैदेत टाकले. आज हस्तलिखितात १२ चित्रे उरली आहेत. लढाईची दृश्ये आहेत, दरबार आहे, सोनेरी आकाश आहे, लांब वेण्यांना गोंडे लावलेल्या बायका आहेत, आणि झाडाला स्पर्श करून त्याला फुलवणाऱ्या स्त्रीचे, आपल्या संस्कृत काव्यातल्या दोहदाचे, चित्रही आहे. फारसी ग्रंथात, दख्खनच्या सुलतानाच्या दरबारात, दोहद! पण जिथे जिथे राणी सुलतानाजवळ बसलेली होती, तिथे बहुतेक ठिकाणी तिची आकृती पुसलेली किंवा रंगाखाली दडपलेली आहे.

याची नोंद कशी करायची? सर्वसाधारण तालिकेत लिहिले जाईल : कर्ता आफताबी, भाषा फारसी, विषय चरित्र, चित्रे १२. यातला एकही शब्द चुकीचा नाही, आणि तरीही या नोंदीवरून वाचकाला कळण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे ते निसटले. निजामशाहीच्या राजकारणावर काम करणारी अभ्यासक, बायकांच्या वेशभूषेवर काम करणारा नाटकाचा नेपथ्यकार, दोहदाची शिल्पे गोळा करणारा विद्यार्थी, तिघांनाही ही नोंद रिकाम्या हाताने परत पाठवील. कलाग्रंथपालाची नोंद चित्रागणिक होते. चित्रात काय दिसते, काय दिसायला हवे होते पण दिसत नाही, रंगाचा थर कुठे वेगळा आहे, पान मूळचे की मागून चिकटवलेले, हे सगळे तो दोन-चार ओळींत लिहितो. मंडळाने १९८७ साली जी. टी. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांच्या संपादनाखाली हे हस्तलिखित प्रसिद्ध केले. मूळ चित्रे सगळ्यांना पाहायला मिळणार नाहीत, पण ते पुस्तक ज्या ग्रंथालयात आहे तिथे अशी चित्रागणिक नोंद करायला कुणाची परवानगी लागत नाही, खर्चही येत नाही. एक दुपार पुरे.

आणि मग नावांचा प्रश्न. नगरजवळच्या डोंगरावरच्या वास्तूला अख्खा जिल्हा चांदबिबीचा महाल म्हणतो. ती कबर आहे सलाबतखानाची, मूर्तजाच्या वजिराची. अभ्यासाच्या पुस्तकांत ती सलाबतखानाच्या नावाने येते आणि वाचक चांदबिबीच्या नावाने विचारतो. दोन्ही नावे तालिकेत हवीत आणि एकावरून दुसऱ्याकडे ‘पहा’ अशी वाट हवी. लोकांच्या तोंडचे नाव खोडून टाकणारी तालिका काय कामाची? हाच न्याय जिल्ह्याच्या नावाला. आता ते अहिल्यानगर आहे. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. पण १८८४ चे गॅझेटिअर अहमदनगर या नावाचे आहे, चित्रकलेच्या जगभरच्या ग्रंथांत ‘अहमदनगर शैली’ आहे, आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याची स्पेलिंगे तीन-चार तऱ्हांची आहेत. ही सगळी नावे एका ठिकाणी आणणे हे ग्रंथपालाचेच काम.

वर्गीकरणाचा घोळ त्याहून मोठा. प्रवरेच्या काठाने पाहा : संगमनेर तालुक्यात जोर्वे, मग दायमाबाद, मग नेवासे. तिन्ही ठिकाणी उत्खनन झाले. नाशिक-जोर्व्याचा सांकलिया आणि देव यांचा अहवाल १९५५ चा, नेवाशाचा १९६० चा, दायमाबादचा एस. ए. साळी यांचा १९८६ चा. हे अहवाल सगळीकडे इतिहासाच्या कपाटात असतात, ड्यूईच्या पद्धतीने बहुधा ९३४ मध्ये, प्राचीन भारताशेजारी. तिथे ते असू द्यावेत. पण त्यांच्या पोटात काय आहे ते बघा. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगाने काढलेल्या तिरक्या रेघांच्या जाळ्या, लाटा, शंकरपाळ्यांच्या ओळी, आणि तोटीच्या भांड्यांचे ते देखणे घाट. एका बाजूला भांड्याचा कापून दाखवलेला छेद आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचा पृष्ठभाग, अशी ती रेखाटने असतात; एकदा वाचायची रीत कळली की पानेच्या पाने बोलायला लागतात. महाराष्ट्रातल्या माणसाने साडेतीन हजार वर्षांपूर्वी केलेले नक्षीकाम ते. कलेच्या कपाटात, ७३८ खाली, मृत्पात्रांच्या जागी त्याचा मागमूस नसतो.

याचा उपयोग कुणाला, असे विचारले जाते. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना दरवर्षी खेड्यापाड्यांतून मुले बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. संकल्पचित्रासाठी मुले वाचनालयात येतात आणि बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकातले तेच ते वेलबुट्टीचे नमुने गिरवून नेतात. त्या मुलांपुढे कुणी जोर्व्याच्या भांड्यांची पाने उघडून ठेवली, किंवा नगरच्या दमडी मशिदीच्या दगडी कोरीवकामाचे छायाचित्र ठेवले, तर? संगमनेरच्या मुलाला आपल्या तालुक्याची नक्षी मिळेल. कलाग्रंथपालाचे काम इथे शिक्षकाच्या कामाला जाऊन भिडते, आणि मला या सगळ्या पेशात याहून समाधान देणारी दुसरी गोष्ट माहीत नाही.

मराठी कलाग्रंथांचीही अशीच पांगापांग झालेली असते. धुरंधरांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ आत्मचरित्रांत, द. ग. गोडशांचे ‘पोत’ निबंधांत किंवा समीक्षेत, शिल्पकार चरित्रकोशाचा बहुळकर-घारे यांनी संपादित केलेला दृश्यकला खंड संदर्भाच्या कुलूपबंद कपाटात. प्रत्येक जागा आपापल्या परीने बरोबर आहे. म्हणूनच विषयसूची स्वतः बांधावी लागते. ज्याने ‘चित्रकार’ या एका शीर्षकाखाली ही सगळी पुस्तके आणि त्यांतली प्रकरणे ओढून आणली, त्याने वाचनालयात एक नवे दालन उघडले, एकही पुस्तक न हलवता.

आता ज्या गोष्टीबद्दल मला मनापासून हळहळ वाटते ती लिहितो : दिवाळी अंकांची मुखपृष्ठे. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून मराठी घरात चित्र आले ते मोठ्या प्रमाणावर दिवाळी अंकातून. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला. त्यांची आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे हे दोन-तीन पिढ्यांचे कलाशिक्षण होते. ज्यांनी कधी कलादालनाची पायरी चढली नाही, त्यांनी दलालांची रेषा ओळखली ती अंकावरून. वाचनालये हे अंक वर्षभर फिरवतात. मग त्यांतले काही रद्दीत जातात आणि काही बांधणीला. बांधणीवाला काय करतो? मुखपृष्ठ काढून टाकतो, कारण जाड कागद शिवणीत नीट बसत नाही. जाहिरातींची पाने काढतो, खंड आटोपशीर व्हावा म्हणून. मग यंत्राखाली तिन्ही कडा छाटतो. या छाटणीत चित्राखालची सही जाते, कधी चित्रकाराचे नाव छापलेली तळाची ओळ जाते. ग्रंथालयाच्या दप्तरी तो अंक सुरक्षित असतो. कथा आहेत, कविता आहेत, लेख आहेत. चित्र तेवढे गेलेले असते, आणि ते गेले याची नोंदही कुठे नसते.

हे टाळायला काही फार लागत नाही. बांधणीला देताना चिठ्ठी लिहून द्यावी : मुखपृष्ठे आत ठेवावीत, जाहिराती ठेवाव्यात, कडा छाटू नयेत. बांधणीवाले ऐकतात, त्यांना कुणी सांगत नाही एवढेच. रद्दीत जाणाऱ्या अंकांची मुखपृष्ठे काढून, मागे पेन्सिलीने अंकाचे नाव, वर्ष आणि चित्रकार लिहून, आडव्या पेटीत सपाट ठेवावीत. पेन्सिलीनेच, शाई मागून पुढे उमटते. जाहिरातींनाही हलके लेखू नये. साबणाच्या आणि तेलाच्या त्या जाहिराती कित्येकदा नावाजलेल्या चित्रकारांच्या हातच्या असत.

सपाट ठेवण्यावरून आठवले. मोठ्या आकाराची चित्रसंपुटे कपाटात उभी ठेवली की पानांच्या भाराने शिवण सुटते. ती आडवी ठेवावीत, एकावर एक दोन-तीनच. चिकटवलेल्या रंगीत चित्रांवरचा पातळ कागद फाटला तर तसाच दुसरा घालावा. सेलोटेप लावू नये, कधीच नाही. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग कागदात कायमचा मुरतो. जुन्या लोकांची वेखंडाची पुरचुंडी आणि पोथीभोवतीचे लाल बासन यांना आजच्या प्रयोगशाळांनी मोडीत काढलेले नाही. नगरचा उन्हाळा कोरडा असतो आणि कागद ठिसूळ करतो, मग पावसाळ्यात कसर आणि वाळवी लागते. म्हणून तपासणीची वेळ मृगापूर्वी.

यापुढचे शिक्षण डोळ्यांचे आहे. ग्रंथपालनाचे प्रमाणपत्र, बी.लिब., एम.लिब. यांत तालिकीकरण आणि वर्गीकरण पक्के होते, ते व्हायलाच हवे. रंगनाथनांचे १९३१ चे पाच नियम तर प्रत्येकाला पाठ असतात. पण छापील चित्र कुठल्या तंत्राने छापले आहे ते ओळखायला तिथे शिकवत नाहीत, आणि त्यावाचून या कामात पाऊल पुढे पडत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. नगरच्या जुन्या वाड्यांतून रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे वाचनालयांना भेट येतात, आणि देणारा सांगतो की मूळची आहेत. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली छपाई दगडावरची, एकेका रंगाचा वेगळा दगड. भिंगाखाली तिचे ठिपके वेडेवाकडे, कमी-जास्त, माणसाच्या हाताने टाकलेले दिसतात. गालावर दाट, मग हळूहळू विरळ. नंतरच्या यांत्रिक छपाईत ठिपके कवायतीला उभे राहिल्यासारखे रांगेत येतात, आणि चार रंगांची छपाई असेल तर बारीक फुलांसारखी वर्तुळे दिसतात. हा फरक एकदा दिसला की आयुष्यभर दिसतो. मग नोंदीत ‘रंगीत चित्र’ एवढेच न लिहिता ‘शिळाछाप’ असे लिहिण्याचे बळ येते, आणि त्या एका शब्दावर पुढचा अभ्यासक उभा राहतो. याला जोड म्हणून मोडी शिकावी. जमल्यास थोडी फारसी लिपी. निजामशाहीच्या जिल्ह्यात ती वाया जाणार नाही.

हक्कांबद्दल थोडक्यात. चित्र विकत घेतले म्हणजे ते छापण्याचा हक्क मिळाला असे नव्हे. १९५७ च्या कायद्याने तो साधारणपणे चित्रकाराकडे राहतो, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे; पैसे देऊन काढून घेतलेली तसबीर हा अपवाद. स्मरणिकेसाठी चित्र मागायला येणाऱ्याला हे ग्रंथपालाने नम्रपणे सांगावे. उलट, ज्या संग्रहालयांनी आपली जुनी चित्रे सर्वांना मोकळी केली आहेत त्यांची माहिती ठेवावी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१५ साली दख्खनच्या सुलतानांच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरवले. त्याच्या सूचिग्रंथात नगरची चित्रे विजापूर-गोवळकोंड्याच्या शेजारी एकत्र बघायला मिळतात. असा ग्रंथ एका वाचनालयाला झेपत नसेल तर चार वाचनालयांनी मिळून घ्यावा आणि पाळीपाळीने ठेवावा.

झेपण्याचा विषय निघालाच, तर पगाराबद्दल न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. सार्वजनिक ग्रंथालयांचा राज्याचा कायदा १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि त्यानुसार अनुदान येते. त्या अनुदानातून पुस्तके, वीज, भाडे आणि माणसांचा पगार. वेतनश्रेणीची मागणी किती तरी वर्षांची आहे आणि ती न्याय्य आहे. ज्याला महिन्याच्या शेवटी घर कसे चालवायचे याची विवंचना आहे त्याला भिंग घे, मोडी शीक असे सांगताना मला संकोच होतो. तरी सांगतो, कारण या कामात वाढणाऱ्या माणसाची गरज संस्थेला वाटू लागते, आणि ती वाटल्यावाचून संस्थाचालक त्याच्या बाजूने शासनाकडे जोराने बोलत नाहीत. विशेष जाणणारा माणूस बदलता येत नाही. या जिल्ह्यातल्या कित्येक वाचनालयांचा कणा असलेल्या स्त्रियांना हे मी आग्रहाने सांगेन : तुमच्या नावाने सूची प्रसिद्ध करा. सूचीवर सूचिकाराचे नाव असते. शं. ग. दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली काढली, आणि आजही मराठीचा अभ्यासक तिला ‘दाते’ याच नावाने ओळखतो.

एकट्याने हे होत नाही, हे बाहेरच्या लोकांनाही कळले होते. ब्रिटनमधल्या कलाग्रंथपालांनी १९६९ साली आपली संघटना केली, उत्तर अमेरिकेतल्यांनी १९७२ साली. आपल्याकडे जिल्हा ग्रंथालय संघाचे अधिवेशन असतेच. त्यातले एक सत्र कलासाहित्यासाठी राखून ठेवले तरी सुरुवात होईल. त्या सत्रात भाषणे नकोत. प्रत्येकाने आपल्या वाचनालयातले एक चित्र, एक अंक, एक निमंत्रणपत्रिका घेऊन यावे आणि सगळ्यांनी मिळून त्याची नोंद करावी.

निमंत्रणपत्रिका मुद्दाम म्हटले. जिल्ह्यातल्या चित्रकारांनी, मूर्तिकारांनी, रंगमंचाचे पडदे रंगवणाऱ्यांनी, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांनी जे काम केले त्याची पुस्तके झालेली नाहीत. उरल्या आहेत त्या प्रदर्शनाच्या घडीपत्रिका, नाटकाच्या जाहिराती, स्मरणिकांतले एखादे रेखाटन, स्थानिक वृत्तपत्रातले कात्रण. पाटी रंगवणारे हात तर आता फ्लेक्समुळे थांबत चालले आहेत, आणि ते हयात आहेत तोवरच त्यांच्या वहीतली अक्षरवळणे मिळतील. कलाग्रंथपालाने वाचनालयातून उठून त्यांच्याकडे जावे. वही मागू नये; तिची छायाचित्रे काढावीत, कुठल्या पाट्या कुठल्या साली केल्या ते विचारावे, आणि तिथल्या तिथे लिहून घ्यावे.

पुस्तकाच्या शेवटी नोंदीचे कोरे नमुने जोडले आहेत, एक चित्रासाठी, एक मुखपृष्ठासाठी, एक घडीपत्रिकेसाठी. कोपरगाव, श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी, पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कुठल्याही तालुक्यातल्या वाचनालयाने ते झेरॉक्स करून वापरावेत. मुखपृष्ठांपासून आरंभ करावा असे सुचवीन, कारण दिवाळीनंतर जुन्या अंकांची रद्दी निघते आणि ती एकदा गाड्यावर चढली की परत मिळत नाही. नमुन्यात काही रकाने कमी पडतील, काही नकोसे होतील. ते बदलावेत, आणि काय बदलले ते आम्हाला कळवावे. पुढच्या आवृत्तीत तसे छापू.